इंग्रजीतून स्वतःची ओळख कशी करून द्यावी: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी मार्गदर्शक

मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांनी इंग्रजीतून स्वतःची ओळख पहिल्यांदा करून दिली ती वहीत लिहून. ‘मायसेल्फ’ या नावाचा दहा ओळींचा निबंध असे, त्यात आपले नाव, वय, इयत्ता, शाळा, वडिलांचे नाव आणि व्यवसाय, भावंडांची संख्या, आवडता रंग अशी माहिती ठरलेल्या क्रमाने येई आणि तो न अडखळता म्हणून दाखवला की गुण मिळत. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले आणि त्याआधी ते पाचवीपासून सुरू होत असे, पण हा निबंध दोन्ही पिढ्यांच्या वाट्याला आलाच. पुढे नोकरीच्या ठिकाणी अनोळखी माणूस हात पुढे करून ‘हॅलो’ म्हणतो, तेव्हा तोच निबंध आपोआप तोंडावाटे बाहेर पडू लागतो. समोरच्याने मात्र इतकी माहिती मागितलेली नसते.

मी परभणी जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकलो, पुण्याला हिंजवडीत नोकरीला लागलो आणि पुढे कामानिमित्त काही काळ इंग्लंडमध्ये राहिलो. या सगळ्या काळात व्याकरणाने जितके अडवले नाही तितके पहिल्या अर्ध्या मिनिटाने अडवले: आधी काय म्हणायचे, समोरच्याला काय म्हणून हाक मारायची आणि किती बोलून थांबायचे. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत परदेशी सहकाऱ्यांशी बोलणाऱ्यांना, ब्रिटन-अमेरिकेत नव्याने गेलेल्यांना, तसेच सिंधुदुर्गात किंवा गोव्यात घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून हे लिहिले आहे.

पायऱ्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मराठीत आदर क्रियापदातच बसलेला असतो. ‘आपण कुठून आलात?’ एवढे विचारले की आदर दाखवून झालेला असतो, आणि त्यातूनही काही कमी वाटले तर काका, मावशी, दादा, ताई, साहेब ही संबोधने आहेतच. इंग्रजीत मंत्र्यालाही ‘यू’ आणि शेजारच्या मुलालाही ‘यू’, त्यामुळे तिथे आदर इतर जागी शोधावा लागतो: आवाजाच्या पट्टीत, ‘कुड’, ‘वुड’, ‘मे’ अशा शब्दांत, ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ यांच्या वापरात, समोरच्याचे नाव नीट उच्चारण्यात आणि त्याला बोलायला जागा ठेवण्यात. मराठीतली वाक्ये शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेली तर हा आदर वाटेत गळून पडतो आणि मनात पूर्ण नम्रता असूनही बोलणे तुटक ऐकू येते.

सुरुवात करण्यापूर्वी हाताशी काय असावे

- पासपोर्ट, आणि तो नसल्यास आधार किंवा दहावीचे गुणपत्रक, कारण आपल्या नावाचे रोमन लिपीतले स्पेलिंग सगळीकडे एकच सांगायचे आहे.
- नियुक्तिपत्र, कारण आपले पद आणि विभाग यांची नेमकी नावे त्यात असतात.
- फोनमधली आवाज रेकॉर्ड करण्याची सोय. आपला वेग आणि आपले अडखळणे आपल्याला ऐकल्याशिवाय कळत नाही.
- उच्चार ऐकवणारा शब्दकोश. केंब्रिज शब्दकोशाच्या संकेतस्थळावर ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार विनामूल्य ऐकता येतात.
- ऐकण्याच्या सरावासाठी ‘बीबीसी लर्निंग इंग्लिश’. बीबीसी १९४३ पासून इंग्रजी शिकवण्याचे कार्यक्रम करत आली आहे आणि आजचे धडे विनामूल्य मिळतात.
- कामाच्या ठिकाणी देत असतील तर व्हिजिटिंग कार्ड.
- हसणार नाही असा एक सोबती, ज्याच्यासमोर मोठ्याने सराव करता येईल.

१. आपले नाव कसे सांगायचे ते आधी ठरवा

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि पुढचे निम्मे घोटाळे इथूनच सुरू होतात. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपटापासून बोर्डाच्या गुणपत्रकापर्यंत आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे किंवा पतीचे नाव असा क्रम असतो, त्यामुळे ‘पाटील अमोल बाळासाहेब’ असे सांगण्याची जिभेला सवय झालेली असते. इंग्रजी ऐकणारा पहिला शब्द हेच तुमचे नाव समजतो आणि पुढची दोन वर्षे तुम्हाला आपुलकीने ‘पाटील’ म्हणून हाक मारतो. म्हणून आधी स्वतःचे नाव, मग आडनाव, आणि वडिलांचे नाव तोंडी ओळखीत घ्यायचेच नाही. पासपोर्टवर मात्र वडिलांचे नाव पुष्कळदा आपल्या नावाला जोडून एकाच रकान्यात छापलेले असते, त्यामुळे परदेशातल्या कचेरीत ओळखपत्रावर ‘अमोल बाळासाहेब’ असे लांबलचक नाव आले तर ‘प्लीज कॉल मी अमोल’ असे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे.

दुसरा प्रश्न उच्चाराचा. मराठी आडनावांचे रोमन स्पेलिंग इंग्रजी डोळ्यांना भलतेच काही वाचायला लावते. ‘काळे’ हे पालेभाजीच्या नावासारखे ‘केल’ वाचले जाते, ‘साने’ यांचे ‘सेन’ होते, ‘माने’ यांचे ‘मेन’, ‘दाते’ यांचे ‘डेट’, आणि ‘मोरे’ यांचे तर ‘आणखी’ या अर्थाचे ‘मोर’ होते. यात वाचणाऱ्याचा दोष नाही आणि आपण ओशाळण्याचेही कारण नाही. नाव सांगताना ते दोन तुकड्यांत सावकाश उच्चारावे, ‘मो-रे, टू सिलेबल्स’ असे म्हणावे, आणि चुकीच्या उच्चाराने हाक आली तर पहिल्या एक-दोन वेळांतच हसून ‘इट्स प्रोनाउन्स्ट मो-रे’ असे सांगावे. सहा महिने गप्प राहून मग दुरुस्ती केली तर समोरच्यालाच अवघडल्यासारखे होते.

नाव तोडून लहान करावे का, याविषयी माझे मत स्पष्ट आहे: स्वतःला आवडत असेल तरच. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत डी, एन, वाय अशा तीन व्यंजनांनी सुरू होते आणि वाचणारा पहिल्याच अक्षरावर थबकतो, तेव्हा ‘ज्ञानेश’ किंवा घरातले टोपणनाव सुचवणे सोयीचे असते. पण ‘हॅरी’ किंवा ‘सॅम’ असे नाव कोणी सहज ठेवून दिले आणि ते मनाला पटले नाही, तर ‘आय प्रिफर ज्ञानेश, इफ यू डोन्ट माइंड’ हे वाक्य पूर्ण नम्र आहे. फोनवर स्पेलिंग सांगताना बी-पी, व्ही-डब्ल्यू, जी-जे या जोड्यांत घोटाळा होतो, म्हणून विमानवाहतुकीत १९५६ पासून रूढ असलेली अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही अक्षरमाला निदान स्वतःच्या नावापुरती पाठ करावी: ‘व्ही ॲज इन व्हिक्टर’. झगडे, झेंडे अशा मंडळींनी हेही लक्षात ठेवावे की शेवटच्या अक्षराला ब्रिटनमध्ये ‘झेड’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘झी’.

२. अभिवादन आणि पहिले वाक्य

पहिले वाक्य लहान असावे. ‘हॅलो, आय एम अमोल’ हे अनौपचारिक ठिकाणी पुरते, आणि बैठक, परिषद किंवा वयाने मोठी व्यक्ती असेल तर ‘गुड मॉर्निंग, माय नेम इज अमोल पाटील’ असे पूर्ण नावानिशी म्हणावे. स्वतः होऊन कुणाकडे जात असाल तर त्याच्या आधी एक वाक्य जोडावे: ‘एक्स्क्यूज मी, आय डोन्ट थिंक वुई हॅव मेट’, आणि मग नाव.

इथले नेहमीचे सापळे असे आहेत.

‘मायसेल्फ अमोल पाटील.’ त्या निबंधाच्या शीर्षकाने पक्की केलेली ही सवय भारतभर इतकी पसरली आहे की आपल्याकडे ती कुणाच्या कानाला खटकत नाही, पण भारताबाहेर हे वाक्य अपुरे वाटते. ‘आय एम’ किंवा ‘माय नेम इज’ एवढेच वापरावे.

‘व्हॉट इज युअर गुड नेम?’ आपल्या मनात ‘शुभनाव’ असते आणि हेतू नम्रतेचा असतो, पण ऐकणारा ‘म्हणजे माझे वाईट नावही आहे की काय’ असा गोंधळतो. ‘मे आय नो युअर नेम?’ असे विचारावे, किंवा त्याहून सोपे म्हणजे आधी स्वतःचे नाव सांगून थांबावे. बहुतेक माणसे आपले नाव आपणहून सांगतात.

स्वतःला ‘मिस्टर’ लावणे. मराठीत स्वतःच्या नावामागे ‘श्री.’ लावून कोणी ओळख देत नाही, तोच संकोच इथेही ठेवावा.

नावानंतर ‘नाइस टू मीट यू’ म्हणावे. जास्त औपचारिक प्रसंगी ‘इट्स अ प्लेझर टू मीट यू’. समोरच्याने हे आधी म्हटले तर ‘नाइस टू मीट यू टू’ असे उत्तर द्यावे. वयस्क इंग्रज माणूस क्वचित ‘हाउ डू यू डू?’ म्हणेल, तो प्रश्न नसून अभिवादन आहे आणि त्याचे रूढ उत्तर तेच शब्द परत म्हणणे हे आहे. ‘हाउ आर यू?’ याचेही तसेच. त्यावर सर्दी-पडशाची हकिकत सांगू नये. ‘आय एम वेल, थँक यू. हाउ आर यू?’ इतके म्हणावे आणि उलट विचारायला विसरू नये, कारण तो उलटा प्रश्न हाच इथला शिष्टाचार आहे. ब्रिटनमध्ये सकाळी सकाळी सहकारी ‘यू ऑल राइट?’ म्हणतो, तेव्हा आपला चेहरा उतरलेला दिसतो आहे का अशी शंका नवख्याला येते. तसे काही नसते. ‘येस, थँक्स, यू?’ म्हणून पुढे जावे.

३. उभे राहणे, हात आणि नजर

कोणी ओळख करून घ्यायला आले की बसल्या जागेवरून उठावे. हस्तांदोलन उजव्या हाताने, ना सैल ना आवळून, दोन-तीन सेकंदांचे. दोन्ही हातांनी हात धरणे किंवा वाकणे हे आपल्याकडे आदराचे असले तरी तिथे गरजेचे नाही. समोरची व्यक्ती हात पुढे करत नसेल, मग कारण धार्मिक असो, तब्येतीचे असो की सवयीचे, तर मान किंचित झुकवून हसणे पुरते. आणि नमस्कार करावासा वाटला तर तो करावा, बहुतेकांना तो ओळखीचा आहे. बोलताना नजर समोर ठेवावी. मोठ्यांसमोर खाली पाहणे ही आपली रीत असली तरी इंग्रजी वातावरणात तिचा अर्थ लपवाछपवी किंवा कंटाळा असा लावला जाऊ शकतो. होकारार्थी मान डोलावण्याची आपली पद्धतही परक्यांना नकारासारखी भासते, म्हणून तोंडाने ‘येस’ म्हणावे.

४. समोरच्याचे नाव ऐका आणि योग्य रीतीने घ्या

स्वतःचे वाक्य जुळवण्याच्या नादात समोरच्याचे नाव कानावरून निघून जाते. ते लक्षात राहावे म्हणून लगेच एकदा उच्चारावे: ‘नाइस टू मीट यू, मार्गारेट.’ ऐकू आले नसेल तर ‘व्हॉट?’ म्हणू नये, कारण एकट्या ‘व्हॉट’चा सूर मराठीतल्या ‘काय?’पेक्षा बराच कडक लागतो. ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच युअर नेम’ किंवा ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ असे म्हणावे. कठीण नावाविषयी ‘हॅव आय प्रोनाउन्स्ट इट करेक्टली?’ असे विचारले तर कोणालाही बरेच वाटते, विशेषतः ज्यांची नावे आपल्या नावांसारखीच नेहमी मोडली जातात त्यांना.

हाक कशी मारावी हा मराठी माणसाचा सर्वांत अवघड प्रश्न. ‘मिस्टर’, ‘मिसेस’, ‘मिस’, ‘मिझ’, ‘डॉक्टर’, ‘प्रोफेसर’ ही संबोधने आडनावापुढे लागतात. जॉन स्मिथ यांना ‘मिस्टर स्मिथ’ म्हणतात, ‘मिस्टर जॉन’ कधीच म्हणत नाहीत. स्त्रीच्या विवाहाविषयी माहिती नसेल, आणि ती नसणेच स्वाभाविक आहे, तर ‘मिझ’ वापरावे. ‘जॉन सर’ किंवा ‘सुझन मॅडम’ ही जोडणी आपल्याकडची आहे. ब्रिटनमध्ये ‘सर’ आणि ‘मॅडम’ प्रामुख्याने गिऱ्हाइकाला किंवा शाळेतल्या मास्तरांना उद्देशून येतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात मात्र ‘सर’ आणि ‘मॅम’ आजही सर्रास ऐकू येतात.

पुण्या-मुंबईत ठिकाण पाहून वागावे. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत वरिष्ठांनाही पहिल्या नावाने हाक मारण्याची पद्धत आहे आणि तिथे सारखे ‘सर, सर’ करणारा नवखा म्हणून ओळखू येतो. बँक, सरकारी कचेरी, महाविद्यालय किंवा रुग्णालयात नेमके उलट आहे, तिथे वरिष्ठाला नुसत्या नावाने बोलावणे उद्धटपणाचे ठरेल. अंदाज येत नसेल तर औपचारिक संबोधनाने सुरुवात करावी आणि समोरच्याने ‘प्लीज कॉल मी जॉन’ म्हटले की ते ऐकावे. त्यानंतरही संकोचाने ‘मिस्टर स्मिथ’ चालू ठेवणे म्हणजे त्यांनी पुढे केलेली जवळीक नाकारल्यासारखे दिसते. वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘जॉन’ म्हणताना आपल्या जिभेला जड जाते हे खरे, पण सवय होते.

५. स्वतःविषयी दोन-तीन वाक्ये, अधिक नाही

काय करता, कुठले आहात आणि इथे कसे, एवढ्याच तीन गोष्टी पहिल्या भेटीत सांगाव्यात. नमुना असा: ‘आय वर्क इन द टेस्टिंग टीम. आय एम ओरिजिनली फ्रॉम परभणी, बट आय लिव्ह इन पुणे नाउ.’ परभणी ऐकून चेहरा कोरा राहिला तर ‘इट्स अबाउट फाइव्ह हंड्रेड किलोमीटर्स ईस्ट ऑफ मुंबई’ असे जोडावे; ऐकणाऱ्याला नकाशावर बोट ठेवायला एक ओळखीचे शहर लागते.

या तीन वाक्यांत आपल्याकडच्या इंग्रजीचे ठरावीक सापळे दडलेले असतात. ‘आय बिलाँग टू सातारा’ असे म्हणू नये, ‘आय एम फ्रॉम सातारा’ म्हणावे. ‘आय एम वर्किंग ॲज ॲन इंजिनिअर’ यातून नोकरी तात्पुरती असल्याचा अर्थ निघू शकतो, म्हणून ‘आय वर्क ॲज ॲन इंजिनिअर’ किंवा नुसते ‘आय एम ॲन इंजिनिअर’. ‘आय एम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ हे मराठीतल्या ‘तीन वर्षांपासून काम करतो आहे’ याचे थेट रूप आहे. इंग्रजीत ‘आय हॅव वर्क्ट हिअर फॉर थ्री इयर्स’ असे होते, आणि ‘सिन्स’ हवाच असेल तर त्याच्यापुढे साल येते. ‘आय एम हॅविंग टू ब्रदर्स’ ऐवजी ‘आय हॅव टू ब्रदर्स’, जरी भावांचा उल्लेख पहिल्या भेटीत कुणी मागितलेला नसतो. ‘आय पास्ट आउट इन २०२१’ यातला क्रियापदाचा नेहमीचा अर्थ बेशुद्ध पडणे असा आहे, त्यामुळे ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०२१’ म्हणावे. ‘आय एम अ फ्रेशर’ हा शब्द ब्रिटनमध्ये विद्यापीठात नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्यासाठी वापरतात. तिथे ‘धिस इज माय फर्स्ट जॉब’ हे स्पष्ट आणि छान वाक्य आहे.

पदाचे लांबलचक नाव, पगाराची श्रेणी, पदव्यांची यादी आणि दहावीचे गुण यांतले काहीही सांगू नये. पण स्वतःला कमी लेखण्याचेही टोक गाठू नये. ‘सॉरी, माय इंग्लिश इज व्हेरी बॅड’ ही सुरुवात नम्र वाटते, पण ती ऐकणाऱ्यावर ‘नाही हो, चांगले आहे’ असे म्हणण्याचे ओझे टाकते आणि मग तो तुमच्याकडे चुका शोधतच ऐकतो. अडचण असेल तर कामापुरते मागावे: ‘कुड यू स्पीक अ लिटल मोअर स्लोली, प्लीज?’

वेगाविषयी एक सूचना. पाठ केलेले वाक्य आपण नेहमी घाईने म्हणतो, आणि नाव तर सर्वांत घाईने, कारण ते आपल्याला हजारदा बोलून गुळगुळीत झालेले असते. रेकॉर्ड करून ऐकल्यावर हे ध्यानात येते. नावाच्या आधी आणि नंतर क्षणभर थांबावे.

६. उलट प्रश्न विचारा, पण कोणते ते जाणून

दोन-तीन वाक्ये झाली की चेंडू समोर द्यावा: ‘अँड व्हॉट डू यू डू?’, ‘हॅव यू बीन विथ द कंपनी लाँग?’, ‘हाउ डू यू नो प्रिया?’ नोकरी विचारण्यासाठी ‘व्हॉट आर यू?’ हा प्रश्न वापरू नये. तो फारच ओबडधोबड लागतो.

आपल्याकडे रेल्वेच्या डब्यात शेजारी बसलेला माणूस अर्ध्या तासात गाव, पगार, लग्न, मुले, घर भाड्याचे की स्वतःचे हे सगळे विचारतो आणि त्यात आपलेपणा असतो. इंग्रजीतून बोलताना, विशेषतः ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाशी, हेच प्रश्न चौकशीसारखे वाटतात. वय, पगार, लग्न, मूल का नाही, धर्म, वजन आणि घराची किंमत हे विषय पहिल्या भेटीत पूर्ण टाळावेत. आडनावावरून जात काढण्याचा आडमार्गी प्रश्न तर परदेशातल्या मराठी माणसालाही विचारू नये. मग बोलायचे काय? इंग्लंडमध्ये हवामान हा विषय कधीच संपत नाही आणि तो मोकळा, निरुपद्रवी म्हणूनच वापरला जातो: ‘लव्हली डे, इझन्ट इट?’ याशिवाय प्रवास कसा झाला, जेवण कसे आहे, या गावात पाहण्यासारखे काय आहे, हे चालते.

सगळे एकत्र आल्यावर संवाद साधारण असा दिसतो:

— एक्स्क्यूज मी, आय डोन्ट थिंक वुई हॅव मेट. आय एम अमोल, अमोल पाटील.
— हॅलो, आय एम मार्गारेट. सॉरी, वॉज दॅट ‘अमूल’?
— अमोल. अ-मोल.
— अमोल. नाइस टू मीट यू.
— नाइस टू मीट यू टू, मार्गारेट. आय जॉइन्ड द टेस्टिंग टीम ऑन मंडे. विच टीम आर यू इन?
— आय एम इन फायनान्स, अपस्टेअर्स. हाउ आर यू फाइंडिंग इट सो फार?
— एव्हरीवन हॅज बीन व्हेरी काइंड, थँक यू. हॅव यू बीन हिअर लाँग?

यात अमोलने स्वतःविषयी नावाखेरीज एकच वाक्य सांगितले आहे, नावाची दुरुस्ती माफी न मागता केली आहे आणि दोनदा उलट प्रश्न विचारला आहे. ‘हाउ आर यू फाइंडिंग इट?’ म्हणजे ‘इथे कसे वाटते आहे?’, काही शोधण्याशी त्याचा संबंध नाही.

७. दुसऱ्याची ओळख करून देणे

दोन अनोळखी माणसांच्या मध्ये तुम्ही एकटेच दोघांच्या ओळखीचे असाल, तर ओळख करून देणे तुमच्याकडे लागते. औपचारिक रीत अशी की ज्येष्ठ व्यक्तीला उद्देशून कनिष्ठाची ओळख आधी करून द्यावी: ‘मिसेस ब्राउन, मे आय इंट्रोड्यूस माय कलीग, प्रिया?’ साध्या प्रसंगी ‘प्रिया, धिस इज मार्गारेट’ पुरते. नावापाठोपाठ दोघांना बोलायला धागा मिळेल असा एखादा तपशील जोडावा. पतीची किंवा पत्नीची ओळख करून देताना नाव अवश्य सांगावे. ‘धिस इज माय मिसेस’ म्हणून तिथेच थांबणारे बरेच असतात, आणि त्या बाई संध्याकाळभर बिननावाच्या उभ्या राहतात.

८. फोन, व्हिडिओ कॉल आणि ईमेल

फोनवर ‘आय एम अमोल’ ऐवजी ‘हॅलो, धिस इज अमोल पाटील, कॉलिंग फ्रॉम पुणे’ असे म्हणतात आणि लगेच ‘इज धिस अ गुड टाइम टू टॉक?’ असे विचारतात. समोरच्याचे नाव विचारताना ‘हू आर यू?’ म्हणू नये. ‘मे आय आस्क हूज कॉलिंग?’ म्हणावे.

व्हिडिओ कॉलवर पडद्यावर दिसणारे नाव आधी तपासावे, कारण तिथे पुष्कळदा आडनाव आधी आलेले असते किंवा घरातल्या कुणाच्या फोनचे नाव झळकत असते. दहा जणांच्या कॉलवर ओळखीची फेरी सुरू झाली की नाव, विभाग आणि या कामात आपला वाटा, अशी तीनच वाक्ये बोलावीत.

ईमेलमध्ये ‘रिस्पेक्टेड सर’ हे भारतीय वळण आहे. ब्रिटिश पद्धतीत नाव माहीत असेल तर ‘डिअर मिस्टर स्मिथ’ असे सुरू करून ‘युअर्स सिन्सिअरली’ने संपवतात, आणि नाव माहीत नसेल तर ‘डिअर सर ऑर मॅडम’ असे सुरू करून ‘युअर्स फेथफुली’ने. पहिल्या ओळीत आपण कोण, दुसरीत का लिहितो आहोत, एवढे आले की ओळख झाली.

९. मुलाखतीतली ओळख वेगळी असते

मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ म्हणतात तेव्हा मात्र दोन वाक्ये पुरत नाहीत. तिथे मिनिट-दीड मिनिट बोलावे: सध्या काय करता, त्याआधी काय केले, आणि ही जागा का हवी आहे. त्यातही कुटुंबाची माहिती, छंदांची यादी आणि वडिलांचा व्यवसाय गाळावा. ‘माय हॉबीज आर लिसनिंग टू म्युझिक’ ही त्या जुन्या निबंधाची शेवटची ओळ आहे आणि मुलाखत घेणाऱ्याने ती त्या दिवशी आधीच अनेकदा ऐकलेली असते. त्याऐवजी केलेल्या एका कामाचे नेमके वर्णन तयार ठेवावे.

१०. निरोप आणि दुसरी भेट

बोलणे संपवणे हेही शिकावे लागते. गप्प होऊन बाजूला सरकणे बरे दिसत नाही, आणि ‘ओके, आय विल गो’ हे तुटक होते. ‘इट वॉज लव्हली टॉकिंग टू यू’ किंवा ‘आय शुड लेट यू गेट बॅक टु युअर वर्क’ म्हणून निघावे. कामाची ओळख असेल तर त्याच दिवशी दोन ओळींचा संदेश पाठवावा आणि भेट कुठे झाली याचा उल्लेख त्यात करावा, कारण परिषदेत भेटलेल्या माणसांचे चेहरे दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाहीत.

‘नाइस टू मीट यू’ फक्त पहिल्या भेटीत. दुसऱ्यांदा भेटल्यावर ‘नाइस टू सी यू अगेन’ म्हणावे. पुन्हा ‘मीट’ म्हटले तर पहिली भेट आपण विसरलो असे समोरचा समजतो. नाव खरेच विसरले असेल तर अंदाजाने काहीतरी म्हणण्यापेक्षा ‘आय एम सो सॉरी, आय रिमेंबर अवर कॉन्व्हर्सेशन, बट युअर नेम हॅज स्लिप्ट माय माइंड’ असे सांगावे, आणि आपले नाव त्यांच्याही लक्षात नसेल असे धरून ‘आय एम अमोल, बाय द वे’ हे स्वतःहून जोडावे.